बारा सर्व्होंचा ‘स्पायडर रोबो’: घ्यावा का, आणि घेतलात तर काय बघावं

चार पाय, प्रत्येक पायात तीन सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरी), म्हणजे एकूण बारा. ॲक्रिलिकचा किंवा थ्रीडी प्रिंट केलेला सांगाडा, एक वायफायवाला कंट्रोलर बोर्ड आणि दोन सेलचा डबा. ‘स्पायडर रोबो’ या नावाने हे किट ऑनलाइन मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीतही चौकशी केली तर मिळून जातं. खोक्यावरची नावं वेगवेगळी असली तरी आतला आराखडा बहुधा एकच, इंटरनेटवर मोकळा पडलेला: अंगाजवळचा तुकडा २७.५ मिलिमीटर, मांडी ५५ आणि नडगी ७७.५. म्हणून इथे कुणा एका कंपनीचं नाही, तर या आराखड्याचं आणि त्यासोबत येणाऱ्या सुट्या भागांचं परीक्षण आहे. किंमत साधारण साडेतीन ते पाच हजार.

मत आधीच सांगून टाकतो. खेळणं म्हणून महाग, रोबोटिक्स शिकायचं किट म्हणून ठीकठाक. पण प्राण्यांचे पाय जसे आहेत तसेच का आहेत, हे हातात धरून दाखवायला या किमतीत दुसरं काही सापडत नाही. फक्त ते दाखवलं जातं ते किट जिथे फसतं तिथे, आणि खोक्यातल्या माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ नसते.

आधी जोडणी. ॲक्रिलिकच्या पट्ट्यांवरचा कागद दोन्ही बाजूंनी पूर्ण काढा. राहिला तर खाचा घट्ट होतात आणि स्क्रू आवळताना कोपरा तडकतो. सर्व्होच्या कानाजवळची भोकं तर हमखास तडकतात, तिथे स्क्रू अडला की पाव आटा मागे फिरवायचा, मग पुढे. पण खरी चूक होते ती याच्या आधी. स्वस्त एसजी-९० सर्व्होच्या दांड्यावर २१ दाते असतात. म्हणजे हॉर्न (दांड्यावर बसणारी पट्टी) फक्त १७ अंशांच्या टप्प्यांनी बसतो, मधे कुठेही नाही. त्यामुळे आधी कंट्रोलरवर सगळे सर्व्हो ९० अंशांवर आणणारा छोटा प्रोग्रॅम चढवा, सर्व्हो जोडून वीज द्या, आणि ते ९० वर थांबलेले असतानाच हॉर्न बसवा. मांडी जमिनीला समांतर, नडगी बरोबर काटकोनात, आणि वरून पाहिलं तर पाय धडाशी ४५ अंशांत. नुसत्या नजरेने नको, सुताराचा गुण्या किंवा कंपासपेटीतला त्रिकोण लावा. इतकं करूनही पाच-आठ अंशांचा फरक राहतोच. तो प्रत्येक सर्व्होसाठी लिहून ठेवायचा आणि प्रोग्रॅममध्ये वजा करायचा.

हे न करता थेट जोडणी केली तर पहिल्याच वेळी पाय धडावर आपटतो, ‘कर्र’ असा आवाज येतो आणि प्लॅस्टिकचा दाता जातो. दाता गेलेला सर्व्हो ओळखायचा तर वीज बंद ठेवून हॉर्न बोटाने अगदी हळू फिरवा. एका ठरावीक जागी तो सटकल्यासारखा लागतो. माहितीपत्रकातली चित्रं डाव्या पायाची असतात आणि उजवा पाय ‘तसाच’ जोडायला सांगतात. तो तसा नसतो, आरशातला असतो. चारपैकी दोन पाय उलटे जोडून बसलेले रोबो शाळांच्या प्रयोगशाळांत पुष्कळ दिसतात.

वीजपुरवठा हा या किटचा सगळ्यात कच्चा दुवा. एक एसजी-९० अडकला की सहाशे-सातशे मिलिॲम्पिअर ओढतो. बाराही एकदम ताणले तर आठ ॲम्पिअरच्या घरात गेलं. नेहमीच्या चालीत दोन ते तीन ॲम्पिअर लागतात, पण उभं राहताना पहिला झटका मोठा असतो. किटमध्ये बहुतेक वेळा एलएम-२५९६ चा व्होल्टेज उतरवणारा बोर्ड देतात. त्याची कमाल मर्यादा ३ ॲम्पिअर, आणि तीही उष्णता बाहेर जायची सोय असेल तरच. परिणाम ठरलेला: रोबो उभा राहायला जातो, व्होल्टेज खचतं, ईएसपी-८२६६ कंट्रोलर रिसेट होतो, वायफाय तुटतं आणि चारही पाय झटका देऊन पसरतात. लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. त्याऐवजी ५ ॲम्पिअरचा एक्सएल-४०१५ बोर्ड घ्या, सर्व्हो जोडण्याआधी मल्टिमीटर लावून तो ५ व्होल्टवर आणा, आणि सर्व्हो ड्रायव्हरच्या (सर्व्होंना सिग्नल देणाऱ्या बोर्डाच्या) वीजटोकांवर १००० मायक्रोफॅरडचा, १० किंवा १६ व्होल्टचा कपॅसिटर लावा. ड्रायव्हर बोर्ड पीसीए-९६८५ असेल तर त्याच्या चिपला ३.३ व्होल्ट आणि सर्व्होंच्या पट्टीला वेगळे ५ व्होल्ट द्यायचे. ग्राउंड (ऋण टोक) मात्र सगळ्यांचा एकच.

सेलबद्दलही सांगायला हवं. १८६५० मापाच्या सेलवर ‘९९०० एमएएच’ अशी क्षमता छापलेली असेल तर ते धादांत खोटं आहे. या मापात साडेतीन हजाराच्या आसपासचे सेल म्हणजे वरचा दर्जा. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वयाचे हवेत, आणि एकेका सेलचं व्होल्टेज ३ च्या खाली जाऊ देऊ नका.

एवढं झालं की रोबो उभा राहतो. आता बोट मांडीच्या सर्व्होवर ठेवा.

दोन-तीन मिनिटांत तो तापलेला असतो. रोबो चालत नाहीये, नुसता उभा आहे, तरी. आपण जे पैसे मोजले ते इथून वसूल व्हायला लागतात. जोडलेल्या रोबोचं वजन अर्धा किलो धरा. चारांपैकी एक पाय उचलला की वजन उरलेल्या तिघांत सारखं वाटलं जात नाही. उचललेल्या पायाच्या तिरक्या समोरचा पाय जवळजवळ मोकळा राहतो आणि बाकीच्या दोघांवर निम्मं-निम्मं येतं. म्हणजे एका पायावर २५० ग्रॅम. मांडी आडवी आणि नडगी सरळ खाली असेल तर मांडीच्या सांध्यापासून पाऊल आडव्या अंतराने ५.५ सेंटिमीटर लांब आहे. टॉर्क, म्हणजे सांध्यावरचा फिरवणारा जोर, झाला जवळपास १.४ किलो-सेंटिमीटर. एसजी-९० चा कागदावरचा कमाल टॉर्क ४.८ व्होल्टला १.८, आणि तो मोटर जाम होते तेव्हाचा. रोजच्या वापराला त्याचा निम्मा धरा, खरं तर निम्म्याहून कमीच.

आता जाहिरातीतल्या फोटोसारखी ऐटदार पसरट उभं राहायची पद्धत घ्या, नडग्या बाहेरच्या बाजूला ३० अंश कललेल्या. पाऊल ९.४ सेंटिमीटर लांब गेलं, टॉर्क २.३ च्या वर. रोबो खाली बसतो. तो बिघडलेला नाही, त्याला ते झेपतच नाही. उलट मांडी वर ४५ अंश उचलली आणि नडगी सरळ खाली सोडली की आडवं अंतर ३.९ वर येतं, टॉर्क एकच्या खाली. गुडघे वर आणि धड खाली लोंबतंय, अशी ही बैठक घरातल्या कोपऱ्यातल्या लांबट पायांच्या कोळ्याची आहे. पाऊल आणखी आत ओढा, टॉर्क आणखी उतरेल. पण पायांखालचा पाया अरुंद झाला आणि रोबो कलंडायला लागला.

प्राण्यांच्या ठेवणीतली सगळी ओढाताण या एका प्रयोगात आहे. पसरट पाय म्हणजे स्थिरता, पण स्नायूंवर सतत ताण. म्हणून सरडा विसावतो तेव्हा पोट टेकवतो, आणि मगर लांब चालायची वेळ आली की पाय अंगाखाली ओढून धड उचलते. वजन वाढत गेलं की पसरट राहणं परवडतच नाही. प्राण्यांच्या हालचालींचे अभ्यासक अँड्र्यू बीवेनर यांनी १९८९ मध्ये लहान-मोठ्या सस्तन प्राण्यांची मापं मांडून दाखवलं की उंदरासारखे छोटे प्राणी दुमडलेल्या पायांवर चालतात आणि आकार वाढेल तसे पाय सरळ होत जातात. त्यामुळे स्नायूंना मिळणारा तरफेचा फायदा वाढतो आणि हाडांवरचा ताण हाताबाहेर जात नाही. हत्तीचे पाय खांबासारखे का, याचं उत्तर तापलेल्या सर्व्होत आहे.

यावरून एक व्यवहारी सूचना. ‘आमच्या प्रदर्शनासाठी हाच रोबो दीडपट मोठा प्रिंट करून द्या’ अशी मागणी नेहमी येते. सगळं दीडपट केलं तर वजन ३.४ पट होतं आणि पाय दीडपट लांब, म्हणजे सांध्यावरचा टॉर्क ५ पट. एसजी-९० सोडा, त्याचा धातूच्या दात्यांचा भाऊ एमजी-९०-एस देखील यात टिकणार नाही. मोठाच हवा असेल तर मांडी आखूड ठेवून फक्त धड मोठं करा, किंवा सरळ मोठ्या मापाचे सर्व्हो घेऊन नव्याने आखणी करा.

उभं राहायला वीज लागते, हाही दोषच मानला पाहिजे. घोड्याच्या मागच्या पायात गुडघ्याची वाटी आणि कंडरा अशा अडकतात की तो फारसे स्नायू न वापरता उभ्याउभ्या झोपतो. फ्लेमिंगोबद्दल तर २०१७ मध्ये असं दिसलं की मेलेल्या पक्ष्याचं शरीरही एका पायावर नीट तोललं तर उभं राहतं. सांध्यांची ठेवणच तशी आहे. या किटमध्ये असलं कुलूप कुठेच नाही. पोटाखाली चार फोमचे तुकडे चिकटवा आणि प्रात्यक्षिकांच्या मधल्या वेळात रोबोला त्यांवर बसवून सर्व्होंचा सिग्नल बंद करण्याची आज्ञा कोडमध्ये घाला. सर्व्होंचं आयुष्य चांगलंच वाढतं.

चालीबद्दल मात्र किटला मनापासून गुण. मूळ कोडमधली चाल एका वेळी एकच पाय उचलते, आणि उचलण्याआधी धड सरकवून गुरुत्वमध्य उरलेल्या तीन पावलांच्या त्रिकोणात आणते. पुढचा पाय, मागचा पाय हा क्रम कोडमध्ये बदलून बघता येतो. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा हा क्रम घालून पाहा आणि मग रस्त्यावरून संथ जाणाऱ्या म्हशीचे पाय मोजा, तोच क्रम. दुसरा क्रम घातला तरी रोबो चालतो, पण धड जास्त हेलकावे खातं. मग सेलचा डबा दोन सेंटिमीटर मागे सरकवा. पुढचे पाय ठीक चालतात, पण मागचा पाय उचलताच रोबो त्या कोपऱ्यावर कोसळतो, कारण त्रिकोण तोच आणि गुरुत्वमध्य त्याच्या बाहेर. वर्गात हे दाखवलं की ‘स्थिरता’ हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

ज्यांचं बजेट बसतं त्यांनी सहा पायांचं, १८ सर्व्होंचं किट बघायला हरकत नाही. त्यात झुरळाची चाल बसवता येते: एका बाजूचा पुढचा आणि मागचा, दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन पाय एकदम हलतात आणि उरलेले तीन तिवईसारखे टेकलेले राहतात. धड सरकवण्याची कटकट नाही, वेग दुपटीहून जास्त. पण सर्व्हो दीडपट, वीज दीडपट आणि १६ वाहिन्यांच्या ड्रायव्हरमध्ये १८ सर्व्हो मावत नाहीत, दुसरा बोर्ड लागतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने चारपायीच घ्यावा.

वेगाचं मात्र फार मनावर घेऊ नका. अमेरिकन झुरळ सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या पन्नासपट अंतर तोडतं. हे ते डोक्याने हिशेब करून करत नाही. पायाची स्प्रिंगसारखी घडणच धक्के शोषून त्याला पुन्हा मार्गावर आणते. याच कल्पनेवर अमेरिका-कॅनडात २००१ च्या सुमारास ‘आरहेक्स’ हा रोबो झाला: सहा पाय, प्रत्येकाला एकच मोटर, पाय वाकडे आणि लवचीक. मोटरी सहा, तरी दगडधोंड्यांतून धावतो. आपल्या किटमध्ये बारा मोटरी आणि लवचीकता शून्य. म्हणून खडबडीत फरशीच्या सांध्यावर पाऊल आलं की सगळा धक्का थेट सर्व्होच्या दात्यांवर जातो. एमजी-९०-एस घेतला तर दाते तुटत नाहीत, पण मग धक्का पुढच्या कमजोर जागी जातो: हॉर्नचा स्क्रू ढिला होतो किंवा ॲक्रिलिक तडकतं. थ्रीडी प्रिंटवाल्यांनी नडगी टीपीयू या लवचीक प्लॅस्टिकमध्ये काढून पाहावी. बाकीच्यांनी पावलावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा.

तो तसाही लागणारच आहे, कारण किटचं पाऊल म्हणजे नुसतं ॲक्रिलिकचं टोक आणि ते गुळगुळीत फरशीवर सटकतं. रोबो पाय हलवतो आणि जागच्या जागी राहतो. फरशीवर ट्यूबचं रबर उत्तम. सतरंजी, गवत किंवा जाळीवर रबर उपयोगाचं नाही, तिथे काटे हवेत. झुरळाच्या आणि कोळ्याच्या नडगीवर मागच्या बाजूला झुकलेले काटे असतात. पाय पुढे येताना ते दबतात, मागे रेटताना अडकतात. २००७ च्या एका अभ्यासात असेच एका दिशेला दुमडणारे काटे रोबोच्या पायाला लावल्यावर तो तारेच्या जाळीवरून जास्त चांगला धावला. घरगुती उपाय: झिप टायची एक-दीड सेंटिमीटरची टोकं नडगीला मागे कललेली बांधा, एका पायाला चार-पाच. टोक फार कडक असेल तर पाय पुढे येतानाही अडकतं. तेव्हा पातळ, अडीच मिलिमीटरचेच टाय घ्या.

आता नावाप्रमाणे दावा: कोळी. तो टिकत नाही. पाय आठ हवेत हे तर झालंच, पण त्याहून मोठा फरक आत आहे. कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारा स्नायूच नसतो. दुमडायला स्नायू, उघडायला शरीरातल्या द्रवाचा दाब. म्हणून मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात २०२२ मध्ये मेलेल्या कोळ्याच्या अंगात सुई घालून हवेच्या दाबाने त्याचे पाय उघडमीट करून दाखवले आणि त्याचा चिमटा म्हणून वापर केला. बारा इलेक्ट्रिक मोटरींच्या किटमधून यातलं काहीच दिसत नाही.

ते दाखवायला शंभर रुपयेही लागत नाहीत. औषधाच्या दुकानातून १० आणि ५ मिलिलिटरची एकेक सिरिंज (सुईशिवाय) आणि अर्धा मीटर सलाइनची नळी आणा. आइस्क्रीमच्या दोन काड्या टोकाशी स्क्रूने सैल जोडा. आतल्या बाजूला रबरबँड लावला की सांधा दुमडतो, हा झाला स्नायू. ५ मिलिलिटरची सिरिंज अशी बांधा की दट्ट्या बाहेर आला की सांधा उघडेल. दोन्ही सिरिंज आणि नळी पाण्याखाली धरून भरा, कारण नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो दाबला जातो आणि सांधा उशिरा, दचकत उघडतो. मोठी सिरिंज दाबली की पाय सरळ, सोडली की रबर त्याला ओढून घेतं. हा जोडप्रयोग किटसोबत द्यायला विक्रेत्यांना काय होतं, कळत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रकार आहेत आणि खरेदीआधी विचारून घ्यायची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काही विक्रेते फक्त मोबाइल ॲप देतात: पुढे, मागे, नाच, हात हलव. कोड बंद. असं किट अजिबात घेऊ नका. चालीचा क्रम, पावलाची जागा, सर्व्होचा फरक यातलं काहीच बदलता येणार नाही, आणि वर लिहिलेला एकही प्रयोग होणार नाही. आर्डुइनोमध्ये (असे बोर्ड प्रोग्रॅम करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) उघडणारा मूळ कोड मिळतो का ते विचारा. त्या कोडमध्ये पावलाची जागा दिली की तीन सांध्यांचे कोन काढायचं गणित आहे, आणि ते अकरावी-बारावीच्या त्रिकोणमितीतल्या कोसाइनच्या नियमापलीकडे जात नाही. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांनी तर हा भाग मुलांकडून आधी कागदावर सोडवून घ्यावा आणि मग कोडमधल्या उत्तराशी ताडून पाहावा.

विकत घेताना शक्य असेल तर सर्व्होंशिवायचं किट घ्या, नुसता सांगाडा आणि बोर्ड. सर्व्हो वेगळे, एमजी-९०-एस, बारा अधिक तीन जादा. एसजी-९० त्याच्या साधारण निम्म्या किमतीत मिळतो, पण मांडीच्या चार जागी तो घालू नका. बाकीच्या आठ जागी चालेल. दोन्ही मिसळले तर हॉर्न आपापल्या सर्व्होसोबत आलेलेच वापरा, एकाचा दुसऱ्यावर नीट बसेलच असं नाही. दुकानातच एकेक सर्व्हो टेस्टरवर फिरवून बघा. मधे थांबवल्यावर जो थरथरत राहतो तो बाजूला ठेवायला सांगा. नंतर बदलून देताना बहुतेक दुकानदार ‘जळाला असेल’ म्हणून हात वर करतात.